सासूबाई रोज विचारतात, ‘हे अजून कसे आले नाहीत?’

पत्र:

सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांना अल्झायमर असल्याचं निदान झालं. सासरे, म्हणजे आमचे नाना, तीन वर्षांपूर्वी गेले. तेव्हा आईंना सगळं कळत होतं, दहावं-तेरावं त्यांच्यासमोरच झालं. आता रोज दिवेलागणीला त्या विचारतात, ‘हे अजून कसे आले नाहीत?’ माझे पती सांगतात, ‘आई, नाना गेले, आठवत नाही का?’ आणि त्या पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हंबरडा फोडतात. अर्ध्या तासाने शांत होतात, पण जेवत नाहीत. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. मी एकटी असले की सांगते, ‘बँकेत गेलेत, येतील एवढ्यात.’ तेव्हा रडत नाहीत, पण दारात जाऊन उभ्या राहतात. पती म्हणतात, आईला फसवायचं नाही. नणंदबाई म्हणतात, काहीही सांगा पण रडवू नका. परवा माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने विचारलं, ‘तू आजीशी खोटं का बोलतेस?’ मला उत्तर देता आलं नाही. माझ्या वडिलांनी आम्हाला ‘सत्यं ब्रूयात्’ पाठ करून घेतलं होतं. आईंची गोळी वरणात मिसळून देते, तेव्हाही मन खातं. माझं चुकतंय का?
– एक सून, डोंबिवली

उत्तर:

ताई,

थोडं चुकतंय, पण तुम्हाला वाटतंय तिथे नाही. नाना गेल्याचं आईंना रोज न सांगणं ही चूक नव्हे. चूक आहे ती ‘येतील एवढ्यात’ या दोन शब्दांत. आई दारात उभ्या राहतात त्या त्यामुळेच. माणूस येणार म्हटल्यावर त्याची वाट बघायची असते, आणि त्या ती बघतात. रडणं टळतं, त्याच्या जागी ताटकळणं येतं. साडेआठ वाजले की त्या ताटकळण्याची काळजी होते: बँक तर केव्हाच बंद झाली, मग हे अडकले कुठे, काही झालं तर नाही ना? मग तुमच्या उत्तरानंतरही घास घशाखाली उतरत नाही.

तुमच्या पतींचं म्हणणं आधी घेऊ. खरं सांगावं असं आपण म्हणतो तेव्हा एक गोष्ट धरून चाललेलो असतो, की ऐकणारा ते लक्षात ठेवेल, काही दिवस रडेल आणि मग हळूहळू सावरेल. दुःख पचवायलाही आठवण लागते. अल्झायमरमध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर खराब होतो, आणि नवी गोष्ट साठवून ठेवण्याचं काम त्याच्याकडेच असतं. म्हणून नाना कामावरून किती वाजता परत यायचे हे आईंना आजही पाठ आहे आणि तीन वर्षांपूर्वीचा तो दिवस मात्र पुसला गेलाय. रोज सांगितलं तर रोज नवा मृत्यू. सावरण्याची पायरी येतच नाही.

बातमी टिकत नसली तरी तिचा घाव टिकतो. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली अल्झायमरच्या १७ रुग्णांना आधी दुःखद आणि नंतर आनंदी चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं ते रुग्णांना काही मिनिटांतच नीट सांगता येईना, पण मनाची खिन्नता नंतरही राहिली. ज्यांना कमी आठवत होतं, त्यांची खिन्नता उलट जास्त वेळ टिकली. आई शांत झाल्यावरही का जेवत नाहीत, याचं उत्तर इथे आहे. नाना गेल्याचं त्या विसरल्या आहेत, पण काहीतरी भयंकर घडलंय ही जाणीव आत बसून आहे, आणि तिचं कारण सापडत नाही.

खरं कळणं हा आईंचा हक्क होता. तो त्यांना तीन वर्षांपूर्वी मिळाला, तोही शुद्धीत, माणसांत, रीतसर. ते रोज पुन्हा सांगणं आपण त्यांना देणं लागत नाही.

या प्रश्नावर जाणकारांचंही एकमत नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेत रुग्णांना वास्तवाचं भान देण्याची पद्धत रुजली. भिंतीवर फळा, त्यावर आजची तारीख, वार, हवा, पुढचं जेवण. रुग्ण चुकला की लगेच दुरुस्त करायचं. आजाराच्या सुरुवातीला असा फळा आणि मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर आजही कामाला येतं. आजार पुढे सरकला की मात्र दुरुस्तीचं रोजचं भांडण होतं. ओहायोतल्या क्लीव्हलंडच्या समाजकार्यकर्त्या नेओमी फाइल यांनी वेगळी वाट धरली: रुग्ण म्हणतो ते खरं की खोटं ते बाजूला ठेवा, त्यामागची भावना मान्य करा. पण फाइलबाई धडधडीत खोटं बोलण्याच्याही विरोधात होत्या. मनाच्या तळाशी माणसाला खरं कळत असतं, असं त्यांचं म्हणणं. आजाराच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत तसं असतं, हे आम्हाला पटत नाही. तरी त्यांच्याकडून एक गोष्ट जरूर घ्यावी: खोट्याची पाळी येण्याआधी करण्यासारखं पुष्कळ असतं.

त्यासाठी आधी आईंचा प्रश्न नीट ऐका. वरवर एकच वाटला तरी तो तीन प्रकारे येतो.

‘हे अजून कसे आले नाहीत?’ हा बहुतेकदा वेळेचा प्रश्न. उजेड कमी होतो, सावल्या लांबतात, दिवसभराचा थकवा साठलेला असतो. या आजारात संध्याकाळी जीव कासावीस होणं इतकं नेहमीचं आहे की डॉक्टर त्याला ‘सनडाउनिंग’ म्हणतात. त्यातून आयुष्यभर हीच वेळ नानांच्या परतण्याची आणि कुकर लावण्याची. शरीराला वेळ आठवते, माणूस दिसत नाही.

‘हे कुठे आहेत?’ असा प्रश्न दिवसात कधीही येतो आणि विचारताना नजर भिरभिरत असते. तेव्हा त्यांना नानांचा पत्ता नको असतो, ओळखीचं माणूस जवळ हवं असतं. कधी पोटात कळ आलेली असते, कधी लघवीला लागलेली असते, आणि ते सांगायला शब्द सापडत नाहीत.

तिसरा प्रश्न वेगळाच. एखाद्या दुपारी आई शांतपणे तुमच्याकडे बघून म्हणतील, ‘हे गेले ना गं?’ तेव्हा खरंच बोलायचं. ‘छे, काहीतरीच काय बोलता’ हे त्या क्षणी म्हणणं म्हणजे फसवणूक, कारण त्यांच्या स्वतःच्या आठवणीने वर आणलेलं खरं तुम्ही खोडून काढता. आपलं डोकंच फिरलंय असं त्यांना वाटू लागतं. म्हणा, ‘हो आई, गेले. त्रास नाही झाला त्यांना.’ (दुसरं वाक्य खरं असेल तरच.) विचारलं तेवढंच सांगा, तारीख, हॉस्पिटल, आजाराचं नाव काही नको. हात धरून बसा आणि निदान पाच मिनिटं विषय बदलू नका. रडल्या तर रडू द्या, हे रडणं त्यांचं स्वतःचं आहे. तासाभराने पुन्हा ‘हे अजून आले नाहीत’ सुरू झालं, तर ‘आत्ताच तर सांगितलं’ हे वाक्य मात्र तोंडातून जाऊ देऊ नका.

आता पहिल्या प्रश्नाची तयारी. ती प्रश्न येण्याच्या दोन तास आधी सुरू होते. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासाच्या वर जाऊ देऊ नका आणि चारनंतर चहा नको. साडेचार-पाचला खायला द्या, साधं चालेल, उपमा किंवा दूध-पोहे. त्यानंतर आठवणीने बाथरूमला नेऊन आणा. अंधार पडायच्या अर्धा तास आधी घरातले सगळे दिवे लावा आणि पडदे ओढा. काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसलं तरी त्या दचकू शकतात. रडारडीच्या मालिका आणि बातम्या त्या वेळी बंद. मालिकेतलं रडणं कुठलं आणि घरातलं कुठलं, हा फरक या टप्प्यावर पुसट झालेला असतो.

मग हाताला काम द्या. वाती वळणं, शेंगा सोलणं, मेथी निवडणं, लसूण सुटा करणं. काम खोटं-खोटं नको, त्या रात्री खरोखर लागणारं द्या. निवडलेल्या मेथीत देठं राहिली तर राहू देत. दिवा लावताना ‘शुभं करोति’ किंवा रामरक्षा म्हणायची घरात पद्धत असेल तर आईंना पुढे करा. नातवाचं नाव अडखळतं तिथे लहानपणी पाठ केलेले श्लोक सलग येतात, आणि त्या दहा मिनिटांत घरातल्या जाणत्या बाई पुन्हा त्या असतात.

एवढं करूनही प्रश्न येईलच. तेव्हा आधी नानांबद्दल बोला. ‘नानांची आठवण येतेय का?’ हे पहिलं वाक्य. मग त्यांना बोलतं करा: ‘नानांना पिठलं म्हणजे जीव की प्राण, नाही?’ या वाक्यात क्रियापदच नाही, त्यामुळे काळही नाही. ‘आवडायचं’ म्हटलं की नाना भूतकाळात जातात आणि आईंना ते बरोबर टोचतं. ‘आवडतं’ म्हणताना तुम्हाला टोचतं. मराठीत अशी बिनक्रियापदाची वाक्यं भरपूर होतात, त्यांचा फायदा घ्या. ‘नानांचा स्वभाव म्हणजे नारळ!’ ‘नानांचं हस्ताक्षर कसं, मोत्यासारखं!’ ‘त्यांची वेळ म्हणजे घड्याळ.’ पुष्कळदा आई लग्नातली एखादी गंमत सांगू लागतात आणि प्रश्न मागे पडतो. इथवर तुम्ही एक शब्दही खोटा बोललेला नाहीत.

तुमच्या वडिलांचा श्लोक इथे नीट बसतो. ‘सत्यं ब्रूयात् प्रियं ब्रूयात् न ब्रूयात् सत्यमप्रियम्।’ हा मनुस्मृतीतला (४.१३८) श्लोक लोक इथेच तोडतात आणि गोड खोट्याच्या बाजूने वापरतात. पुढचा चरण आहे ‘प्रियं च नानृतं ब्रूयात्’, प्रिय असलं तरी खोटं बोलू नये. म्हणजे अप्रिय सत्य न सांगण्याची मुभा त्यात आहे, खोटं सांगण्याची नाही. तेव्हा त्या श्लोकातून पुढची सवलत मिळणार नाही, हे सरळ मान्य करावं. महाभारतात मात्र कर्णपर्वात कौशिकाची कथा येते. कधीच खोटं न बोलण्याचं व्रत घेतलेल्या या तपस्व्याने दरोडेखोरांना लपलेल्या माणसांची वाट खरी सांगितली, ती माणसं मारली गेली आणि कौशिकाला नरक मिळाला. कृष्ण ही कथा अर्जुनाला सांगतो. आईंच्या दारात दरोडेखोर नाहीत, तेव्हा कथा ताणायला नको. पण व्रत सांभाळण्याच्या नादात समोरच्याचं काय होतं ते बघायचं राहून जातं, एवढं तिच्यातून घेता येतं.

तर, सगळं करूनही आई ‘पण आहेत कुठे हे?’ म्हणून अडून बसल्या, तर खोटं बोला. आम्ही त्याला खोटंच म्हणतो. ‘उपचाराचा भाग’ असं गुळगुळीत नाव दिलं की हात सैल सुटतो आणि उद्या कंटाळा आला म्हणूनही तेच वापरलं जातं.

ते कसं असावं याला मापं आहेत. तुमच्या घरासाठी आम्ही असं सुचवू: ‘नाना गावाला गेलेत. मुक्काम तिथेच आहे. तुम्हाला जेवून घ्यायला सांगून गेलेत.’ यातलं प्रत्येक वाक्य कामाचं आहे. गाव का, तर नाना खरोखर गावी जात असतील तर ते पटतं, आणि गावाला गेलेल्या माणसाची कोणी रात्री काळजी करत नाही. ‘मुक्काम’ हवा, म्हणजे आज वाट बघायची नाही. आणि ‘सांगून गेलेत’ हे सर्वांत महत्त्वाचं. नवरा न सांगता गेला म्हटलं की या आजारात संशय फार लवकर धरतो: आपल्याला टाकून गेले, दुसरीकडे संसार थाटला. अशी शंका एकदा बसली की ती नाना गेल्याच्या बातमीपेक्षा जास्त छळते.

‘हॉस्पिटलमध्ये’ सांगू नका, त्या भेटायला निघतील. ‘फोन आला होता’ नको, त्या फोन लावून मागतील. एखाद्या नातेवाइकाला नानांच्या आवाजात बोलायला लावणं तर अजिबात नको; आवाज ओळखला गेला तर घरातल्या कुणावरच विश्वास उरणार नाही. नानांचा धाकही वापरू नका. ‘गोळी घ्या, नाहीतर नाना रागावतील’ हे बोलणं आईंसाठी नसतं, आपलं काम उरकण्यासाठी असतं. खुलासे वाढवू नका, कोणत्या गाडीने गेले आणि सोबत कोण होतं ते सांगत बसलात तर तेच तुम्हाला उद्या आठवणार नाही.

घरातल्या सगळ्यांचं उत्तर एकच हवं. तुम्ही, पती, नणंदबाई, दिवसा येणाऱ्या मावशी असतील तर त्या, सगळ्यांचं. नव्या आठवणी टिकत नाहीत म्हणून विसंगती कळत नाही असं समजू नका. थोड्याच वेळात दोन वेगळी उत्तरं मिळाली तर आई चटकन पकडू शकतात. वाक्य कागदावर लिहून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. पकडलं गेलंच तर वाद घालायचा नाही: ‘चुकलं माझं आई, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोलले.’ हे खरं आहे, म्हणून ते सहज म्हणता येतं. आणि आईंच्या समोर, ‘त्यांना काय कळतंय’ असं धरून, त्या खोट्याबद्दल कुणाशी बोलू नका.

घरातल्या वस्तूही बोलत असतात. दिवाणखान्यात नानांचा हार घातलेला फोटो असेल तर तो तुमच्या सगळ्या कष्टांवर पाणी टाकेल. हार काढा, किंवा त्या जागी दोघांचा लग्नातला फोटो लावा. स्वतःचा तो चेहरा त्यांना आजच्या आरशातल्या चेहऱ्यापेक्षा लवकर ओळखू येतो. नानांच्या चपला आणि छत्री दाराजवळून हलवा, नाहीतर ‘चपला इथे, म्हणजे घरातच आहेत’ असं म्हणून शोधाशोध सुरू होते. आईंना एखाद्या दिवशी गळ्यात हात लावून मंगळसूत्र सापडलं नाही किंवा त्यांनी कुंकू मागितलं तर द्या. मंगळसूत्र साधं, काळ्या मण्यांचं, खोटं चालेल. खरं सोनं हरवेल आणि मग मावशींवर आळ येईल. कोणी शेजारीण नाक मुरडेल. तिला चहा देऊन वाटेला लावावं.

आता जिथे खोटं चालणार नाही त्या जागा. पहिली, सही. घर, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, मृत्युपत्र, बँकेचा अर्ज, यांतल्या कशावरही ‘अहो, वीजबिलाचा कागद आहे’ म्हणून आईंचा अंगठा घ्यायचा नाही. कागद काय आहे आणि त्याने काय होईल हे ज्याला समजत नाही त्याची संमती कायद्याने संमतीच नसते, आणि तो व्यवहार पुढे कोर्टात टिकत नाही. आईंनी पूर्वी साधं मुखत्यारपत्र दिलेलं असेल, तर त्यांची समज गेल्यावर त्याचाही आधार उरत नाही. मोठा व्यवहार करणं भागच असेल तर उच्च न्यायालयात अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. ते काम वेळखाऊ आहे, वकील गाठून लवकर सुरू करा. तुमच्या पत्रात मालमत्तेचा उल्लेख नाही. तरीही लिहितो, कारण प्रेमाने बोललेल्या खोट्याची घरात सवय झाली की पुढचं खोटं बहुतेकदा इथेच येतं.

दुसरी जागा, औषध. वरणात गोळी मिसळणं बंद करा, आधी डॉक्टरांशी बोला. यात नैतिक अडचण आहेच, पण साधी अडचण जास्त मोठी आहे. हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या गोळ्या (पाकिटावर एसआर, एक्सआर, ईआर असं लिहिलेलं असतं) कुटल्या तर दिवसभराचा डोस एकदम पोटात जातो. पँटोप्राझोलसारख्या (आम्लपित्तावरच्या), गोळीला पोटातल्या आम्लापासून वाचवणारा लेप असलेल्या गोळ्या कुटल्या तर निकामी होतात. शिवाय आईंनी अर्धीच वाटी वरण घेतलं तर किती औषध गेलं ते कुणालाच कळत नाही, आणि कडू लागलं तर त्या वरणच सोडतात. डॉक्टरांना विचारा की कोणती गोळी बंद करता येईल, कोणती पातळ किंवा तोंडात विरघळणारी मिळेल, कोणती त्वचेवर लावायच्या पट्टीत मिळेल. स्मृतिभ्रंशावरचं रिव्हास्टिग्मिन अशा पट्टीत येतं. काहीच जमलं नाही आणि औषध आवश्यकच असेल, तर लपवून द्यायचा निर्णय डॉक्टर आणि कुटुंबाने मिळून घ्यावा आणि तो केसपेपरवर लिहून घ्यावा. मग एकच चमचा शिरा किंवा कुस्करलेलं केळं, आणि त्यात तो डोस. पूर्ण वाटीत कधीच नाही.

डॉक्टरकडे नेताना ‘फिरायला जाऊ’ सांगितलं तर पुढच्या वेळी त्या फिरायलाही येणार नाहीत. निघायच्या वीस मिनिटं आधी सांगा, ‘रक्तदाब तपासून येऊ.’ ते खरंही आहे, कारण रक्तदाब तिथे तपासतातच.

आईंना नानांचं कौटुंबिक निवृत्तिवेतन मिळत असेल तर नोव्हेंबरमधल्या हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना बँकेत नेऊ नका. खिडकीपलीकडून ‘मयत पतीचं नाव?’ असं मोठ्याने विचारलं गेलं की संध्याकाळ गेली. ‘जीवन प्रमाण’ या सरकारच्या डिजिटल हयाती दाखल्यात चेहरा ओळखण्याची सोय २०२१पासून आहे, मोबाइलवर घरीच होतं. ते न जमल्यास पोस्टमनला घरी बोलावूनही करता येतं.

पतींशी मात्र वाद घालू नका. बापाच्या मृत्यूची बातमी रोज संध्याकाळी स्वतःच्या तोंडाने सांगणाऱ्या माणसाचं स्वतःचं रडणं कदाचित राहून गेलं असेल. आईला सांगताना ते होत असेल. त्याऐवजी आठवडाभर वही ठेवा. दर वेळी पाच गोष्टी लिहायच्या: किती वाजता विचारलं, कोणत्या शब्दांत, कोणी काय उत्तर दिलं, शांत व्हायला किती मिनिटं लागली, जेवल्या का. तीन दिवस पतींच्या पद्धतीने आणि चार दिवस वर सांगितल्याप्रमाणे. मग दोघांनी ती वाचा. तत्त्वांवर भांडण मिटत नाही, पण जेवल्या की नाही या रकान्यावर सहसा मिटतं. आणि पतींना त्यांच्या जागेचं काम द्या: नानांच्या गोष्टी सांगणं. त्यात त्यांना खोटं बोलावं लागणार नाही, आणि त्या गोष्टी तुमच्यापेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक.

मुलाला टाळू नका, त्याने बरोबर पकडलंय. त्याला सांगा, ‘आजीच्या मेंदूला आजार झालाय. आजोबा गेल्याचं तिला रोज विसरायला होतं, आणि सांगितलं की रोज पहिल्यांदाच कळतं. म्हणून आम्ही रोज सांगत नाही. हे फक्त आजीसाठी, फक्त या एका प्रश्नासाठी. तुझ्याशी मी असं बोलणार नाही.’ त्याच्यावर ‘नाना गावाला गेलेत’ हे वाक्य म्हणायची सक्ती नको. आजीने त्याला विचारलं तर ‘आईला विचारतो’ म्हणून तो निघून येऊ शकतो. मात्र त्याला दिलेला शब्द पाळावा लागेल. ‘आइसक्रीमचं दुकान बंद आहे’ वगैरे आता बंद.

एक सावधगिरी. हा प्रश्न रोजच्यासारखा हळूहळू न वाढता दोन-तीन दिवसांत एकदम वाढला, आई दिवसा झोपाळू आणि रात्री भ्रमिष्ट वाटू लागल्या, किंवा नाना समोर उभे दिसताहेत म्हणू लागल्या, तर संवादाचे उपाय बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं किंवा नव्याने सुरू झालेली सर्दीची, चक्करची, झोपेची गोळी, यांतलं काहीही त्यामागे असू शकतं, आणि ते बहुतेकदा बरं होतं.

तुमच्याबद्दल पत्रात तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. साठीपुढच्या भारतीयांत ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश असल्याचा २०२३चा अंदाज आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मागे घरातली एखादी बाईच असते. नणंदबाईंना सांगा की सल्ल्याबरोबर आठवड्यातल्या दोन संध्याकाळीही हव्यात. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन घरच्यांनाही मदत करते. स्वतःचं मन हलकं करायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मराठीतून बोलता येतं.

राहिला पितृपक्ष. नानांच्या तिथीला घरात पान वाढलं, गुरुजींनी नाव-गोत्र उच्चारलं, कावळ्याला घास ठेवला, की आईंना सगळं एकदम कळेल आणि काहीच कळणार नाही. या वर्षी श्राद्ध नणंदबाईंकडे करा, पती तिकडे जातील. आईंना त्या दिवशी खीर-वडे घरी द्यायला हरकत नाही. कशाबद्दल म्हणून विचारलं, तर ‘नानांसाठी केलेत’ सांगा. तेवढं खरं पुरतं.